अनोळखी कप्लर जोडण्याआधी : जुन्या पिकअपच्या वायरिंगचा एक पाठ



दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री साडेनऊच्या सुमारास माझा फोन वाजला. माझाच एक जुना विद्यार्थी. आता शेती करतो आणि एक सेकंड हँड डिझेल पिकअप चालवतो. पहाटे तीनला टोमॅटोचे कॅरेट भरून बाजार समितीत निघायचं होतं. तो म्हणाला, "सर, मागचा डावा लाईट नीट लागत नाही. डॅशबोर्डखाली हात घातला तर दोन कप्लर मोकळे लोंबताना सापडले. एकमेकांत अगदी फिट बसतात. जोडू का?"

मी म्हणालो, "थांब. जोडू नकोस. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेव. सकाळी मी येतो."

"पण सर, माल?"

"आजच्या दिवस शेजाऱ्याच्या गाडीत टाक. मागचा दिवा नसलेली गाडी अंधारात रस्त्यावर काढायची नाही."

त्याला ते फारसं पटलं नाही, हे आवाजावरून कळलं. पण त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्या गाडीतले चार अनोळखी कप्लर ओळखले. ते जोडले असते तर काय झालं असतं, हेही कळलं. आजचा पाठ त्यावरच आहे. तुमच्यापैकी कुणी आयटीआयला जाणार असेल, कुणाच्या घरी जुनी गाडी असेल, त्यांनी तर वाचाच. बाकीच्यांनीही वाचा, कारण यात तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम प्रत्यक्ष कामाला येताना दिसेल.

या पाठातून काय शिकायचं?

एकच गोष्ट. अनोळखी वायर जोडून बघायची नसते, तिला आधी प्रश्न विचारायचे असतात. कुठून आलीस? तुझ्यात वीज कधी येते? तू कुणाला वीज देतेस? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की वायरीचं नाव आपोआप कळतं.

आधी थोडी उजळणी

गाडीचं वायरिंग घरातल्या वायरिंगपेक्षा वेगळं असतं. घरात दिव्याकडे दोन वायरी जातात, एक फेज आणि एक न्यूट्रल. गाडीत बहुतेक ठिकाणी दिव्याकडे एकच वायर जाते. मग परिपथ पूर्ण कसा होतो? गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं असतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली विद्युतधारा फ्यूज, स्विच, दिवा असा प्रवास करते आणि चेसिसमधून बॅटरीकडे परत येते. या परतीच्या वाटेलाच गॅरेजमध्ये 'अर्थिंग' किंवा नुसतं 'अर्थ' म्हणतात.

पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यात सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चार्जिंग करतो, तेव्हा हाच आकडा १४ च्या जवळ जातो.

आता एक छोटं गणित करा. शक्ती = विभवांतर × विद्युतधारा, हे सूत्र तुम्हाला येतं. हेडलाईटचा ६० वॉटचा फिलामेंट १२ व्होल्टवर किती धारा घेईल? ६० ÷ १२ = ५ अँपिअर. ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब? २१ ÷ १२ = १.७५ अँपिअर. पार्किंगचा ५ वॉटचा बल्ब? अर्धा अँपिअरसुद्धा नाही. हे आकडे लक्षात ठेवा, वायर ओळखताना उपयोगी पडतात.

पायरी पहिली : सुरक्षितता

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकाला दगड लावा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. धातूची अंगठी पॉझिटिव्ह आणि चेसिस यांच्यामध्ये सापडली तर क्षणात लाल होते.

बॅटरी सोडवायची असेल तर निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. असं का? समजा तुम्ही पॉझिटिव्हचा नट आधी सोडवायला गेलात आणि पाना घसरून बॉडीला लागला. निगेटिव्ह अजून चेसिसला जोडलेली आहे, म्हणजे पान्यातून थेट शॉर्ट! निगेटिव्ह आधी काढलेली असेल तर पाना बॉडीला लागला तरी परिपथ अपुराच राहतो. नियम पाठ करू नका, कारण समजून घ्या. मग तो आपोआप लक्षात राहतो.

त्यानंतर फ्यूज बॉक्स उघडा आणि एकेक फ्यूज बघा. पात्याच्या फ्यूजला रंग असतात : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत काय सापडलं माहीत आहे? एका खाचेत फ्यूजच नव्हता. त्याच्या जागी तांब्याच्या वायरीचे चार-पाच पदर पिळून बसवलेले होते. आधीच्या कुणीतरी "तात्पुरतं" म्हणून केलेलं काम! ते बघितल्यावर आम्ही दोघेही जरा गप्प झालो. का, ते पुढे कळेलच.

पायरी दुसरी : हात न लावता बघा

कप्लर दिसला की लगेच टेस्टर लावायची घाई करू नका. आधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काय काय बघायचं?

१) जागा. कप्लर कुठे आहे? गिअरबॉक्सजवळ असेल तर रिव्हर्स लाईटचा स्विच असण्याची शक्यता मोठी. ब्रेकच्या पेडलवर असेल तर ब्रेक लाईटचा स्विच. इंजिनच्या ब्लॉकवर एकच वायर घेणारा छोटा स्विच असेल तर बहुधा ऑइल प्रेशरचा. डिझेलच्या टाकीवर असेल तर फ्यूएल गेजचा. वायरीची लांबीही बोलते. हार्नेसमधून निघालेली वायर कुठवर पोहोचते ते बघा. तिचं बिऱ्हाड त्याच परिसरात असतं.

२) जाडी. जाड वायर म्हणजे जास्त धारा. स्टार्टर, ग्लो प्लग, अल्टरनेटर यांच्या वायरी जाड असतात. इंडिकेटर, पार्किंग यांच्या बारीक. सेन्सरच्या तर त्याहून बारीक. बोटाएवढ्या जाड वायरीला कुणी पार्किंगच्या दिव्याची वायर म्हणणार नाही.

३) टेप आणि टोक. कंपनीच्या हार्नेसवरची टेप एकसारखी, घट्ट गुंडाळलेली असते. नंतर कुणी जोडलेल्या वायरीवर चकचकीत, चिकट झालेली साधी टेप असते आणि सांधा नुसता पिळलेला असतो. कप्लरच्या आतल्या पिनेकडे टॉर्च मारून बघा. पिन एकदाही वापरलेली नसेल तर तिच्यावर ओरखडा नसतो. वापरलेली असेल तर घासल्याच्या रेघा दिसतात. हिरवट थर असेल तर पाणी शिरलंय, तांबं गंजलंय.

४) रंग. रंग उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रंगांची पद्धत देशानुसार आणि कंपनीनुसार बदलते. ब्रिटिश पद्धतीत काळी वायर अर्थची, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची. हिरव्यावर लाल रेघ डाव्या इंडिकेटरची, हिरव्यावर पांढरी रेघ उजव्याची. जर्मन गाड्यांत मात्र तपकिरी वायर अर्थची असते! म्हणजे एकीकडे जी वायर बॅटरीची, तीच दुसरीकडे अर्थची. रंगावरून अंदाज बांधायचा आणि मीटरने खात्री करायची. त्यातून जुन्या गाडीत रंगाचा आणखी एक घोळ असतो. मधे कधी वायर तुटली तर दुरुस्त करणाऱ्याकडे जो तुकडा असेल तो जोडला जातो. लाल वायर टेपच्या आत शिरते आणि बाहेर येते ती निळी होऊन.

५) आकडे. रिलेवर किंवा स्विचवर बारीक आकडे कोरलेले असतात. जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले हे आकडे जगभर वापरले जातात. ३० म्हणजे थेट बॅटरी. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी वीज. ३१ म्हणजे अर्थ. ५० म्हणजे स्टार्टर. ५८ म्हणजे पार्किंग, ५४ म्हणजे ब्रेक लाईट. ५६ए हाय बीम आणि ५६बी लो बीम. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉईलची टोकं, ३० वर वीज येते आणि ८७ मधून पुढे जाते. एवढे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पायरी तिसरी : मीटर आणि टेस्ट लॅम्प

आपल्याला दोन साधनं लागतील. एक मल्टिमीटर आणि दुसरा टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच करता येतो. ५ वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी, एका टोकाला क्रोकोडाईल क्लिप, दुसऱ्या टोकाला सुई.

तुम्ही विचाराल, मीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला? छान प्रश्न आहे. आता गंमत बघा. समजा एक वायर आतून गंजली आहे आणि तिचा रोध वाढून १०० ओहम झालाय. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यामुळे मीटरमधून जाणारी धारा नगण्य, १०० ओहमवर विभवांतर पडतच नाही आणि मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. त्याच वायरीला २१ वॉटचा बल्ब जोडा. तो पेटणारच नाही, कारण सगळं विभवांतर त्या गंजलेल्या जागीच खर्च होतं. म्हणून "मीटर १२ दाखवतोय पण दिवा लागत नाही" ही तक्रार गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. मीटर वीज आहे की नाही ते सांगतो. ती वीज काम करू शकते का, ते लॅम्प सांगतो.

लॅम्पचा आणखी एक फायदा. त्याच्यातून अर्धा अँपिअरपेक्षा कमीच धारा जाते. चुकून तुम्ही स्टार्टरच्या वायरीला लावलात तरी स्टार्टर फिरणार नाही. उघडी वायर लावून "ठिणगी पडते का" बघणारे लोक असतात. त्यांच्याकडून ही सवय घेऊ नका.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ही पद्धत जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीसाठी आहे. ज्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू आहे किंवा एअरबॅग आहे, तिथे त्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. लॅम्पच्या धारेनेही आतले नाजूक भाग जळू शकतात. एअरबॅगच्या वायरीला तर हातच लावायचा नाही. ते काम जाणकाराचं.

आता क्रम नीट लक्षात घ्या.

आधी बॅटरी सुटलेली असताना रोध मोजा. मीटर ओहमवर ठेवा, एक टोक चेसिसच्या स्वच्छ लोखंडाला, दुसरं कप्लरच्या पिनेला. शून्याच्या जवळ आकडा आला तर ती पिन बहुधा अर्थची. 'बहुधा' म्हणतोय, कारण थंड बल्बचा रोध फार कमी असतो. ६० वॉटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध काढा : १२ ÷ ५ = २.४ ओहम. पण थंड असताना तो याच्या कितीतरी पट कमी भरतो. त्यामुळे बल्बमधून जाणारी वाटसुद्धा मीटरला अर्थसारखी भासते. शंका आली तर बल्ब काढून पुन्हा मोजा. आकडा बदलला, तर मधे बल्ब होता. आणि हो, वायरीत वीज असताना ओहम कधीच मोजायचा नाही, मीटर बिघडतो.

मग बॅटरी जोडा. टेस्ट लॅम्पची क्लिप चेसिसला लावा आणि सुई एकेका पिनेला. प्रत्येक पिनेसाठी हे करून बघा : चावी बंद, चावी चालू, पार्किंग लाईट, हेडलाईट, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स. वहीत तक्ता आखा. आडव्या रांगेत स्विच, उभ्या रांगेत पिना. लॅम्प पेटला की टिक करा.

तक्ता भरला की वायरी बोलायला लागतात :

– चावी बंद असतानाही पेटतो : थेट बॅटरीची वायर.
– फक्त चावी चालू केल्यावर पेटतो : इग्निशनची.
– पार्किंगबरोबर पेटतो : मागचे दिवे, नंबर प्लेट किंवा डॅशबोर्डचा उजेड.
– लुकलुकतो : इंडिकेटर.
– ब्रेक दाबल्यावरच पेटतो : ब्रेक लाईट.
– कधीच पेटत नाही : अर्थ, सेन्सर, नाहीतर वीज घेणाऱ्या वस्तूकडे जाणारं टोक.

शेवटच्या प्रकारात घाई नको. तिथे पुन्हा ओहमकडे वळायचं. बॅटरी सोडा आणि दोन पिनांमध्ये मोजा. गिअर बदलल्यावर आकडा बदलतो का? इंजिन गरम झाल्यावर बदलतो का? तापमानाच्या सेन्सरचा रोध इंजिन तापलं की कमी होतो. ऑइल प्रेशरचा स्विच इंजिन बंद असताना अर्थला जोडलेला असतो आणि इंजिन सुरू होऊन दाब आला की सुटतो. म्हणून तर चावी फिरवल्यावर तेलाचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो.

पायरी चौथी : आमच्या चार कप्लरची ओळख

आता त्या सकाळी काय काय सापडलं ते सांगतो.

पहिला कप्लर, डॅशबोर्डखालचा, दोन पिनांचा. एका पिनेत चावी बंद असतानाही वीज. दुसऱ्या पिनेत पार्किंग लाईटबरोबर वीज. जागा आणि तक्ता दोन्ही बघा आणि तुम्हीच ओळखा. बरोबर! आधीच्या मालकाने काढून नेलेल्या टेपची वायर. एक टेपला चालवणारी, दुसरी रात्री त्याची बटणं उजळवणारी.

दुसरा कप्लर, त्याच्या शेजारचा, दिसायला पहिल्याचा जोडीदार. वायर हाताने चाचपत गेलो. साध्या टेपचा सांधा, आणि पुढे एक पिन बॉडीला स्क्रूने कसलेली. म्हणजे चक्क अर्थ. दुसऱ्या पिनेची वायर मधेच कापलेली. कॅबिनमध्ये कधीतरी छोटा पंखा बसवला होता, त्याची खूण छताजवळ होतीच. त्याचीच ही उरलेली वायर.

आता हे दोन कप्लर एकमेकांत फिट का बसत होते? कारण बाजारात दोन पिनांचे कप्लर एकाच साच्यातले मिळतात. पत्रिकेतले गुण जुळले म्हणजे संसार जुळेलच असं नसतं, तसंच साचा जुळला म्हणजे वायरीचं नातं जुळलं असं नाही.

ते जोडले असते तर? थेट बॅटरीची पिन थेट अर्थवर. मधे बल्ब नाही, मोटर नाही, काही नाही. गणित करा. वाटेतल्या सगळ्या वायरीचा रोध ०.१ ओहम धरला तरी १२ ÷ ०.१ = १२० अँपिअर. योग्य फ्यूज असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उडाला असता आणि नुकसान एका फ्यूजचं झालं असतं. पण आठवतंय ना, फ्यूजच्या जागी काय होतं? तांब्याचे पिळलेले पदर. आणि ती खाच नेमकी याच वायरीची होती! ते पदर सहज जळणारे नव्हते. त्यांच्या आधी बारीक वायरीचं प्लास्टिक वितळलं असतं, शेजारच्या वायरी पेटल्या असत्या. तेही डॅशबोर्डखाली, रात्री, गाडीत एकटा ड्रायव्हर असताना.

हे त्याला वहीवर आकडे मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच उठला, पिळलेले पदर काढले आणि १५ अँपिअरचा निळा फ्यूज बसवला. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो मुलांनो, वायरीला वाचवायला असतो. वायर जेवढी धारा सोसेल त्याहून कमीचा फ्यूज हवा.

तिसरा कप्लर इंजिनजवळ, चार पिनांचा, रबरी टोपी घातलेला. कंपनीचीच टेप, पिनांवर एकही ओरखडा नाही, चारपैकी दोन खाचा रिकाम्या. तक्त्यात कुठेच टिक नाही. हा कप्लर कधीच कशाला जोडलेला नव्हता. कंपन्या अनेकदा एकच हार्नेस वेगवेगळ्या मॉडेलना वापरतात. महागड्या मॉडेलमध्ये जे साधन असतं, त्याचा कप्लर साध्या मॉडेलमध्ये मोकळाच राहतो. जुन्या गाडीत लोंबणारी प्रत्येक वायर म्हणजे बिघाड नव्हे. तो तसाच टोपी लावून ठेवला.

आणि चौथा? त्याला कप्लर म्हणावं की नाही, एवढा साधा. हौद्याखाली, डाव्या मागच्या दिव्याच्या पाठीमागे, चिखलाने माखलेली एक काळी वायर आणि तिच्या टोकाला गोल थिंबल. कुठेच न कसलेलं. शेजारी चेसिसवर गंजलेलं बोल्टचं भोक. दिव्याच्या बाजूने रोध मोजला, वायर थेट त्या दिव्याच्या घराला जात होती. सगळी गोम इथे होती. दिव्याची अर्थच सुटली होती.

दिवा "वेड्यासारखा" का वागत होता?

त्याची तक्रार आठवा : दिवा नीट लागत नाही. नीट विचारल्यावर तो म्हणाला, "पार्किंग मंद लागतं. ब्रेक दाबला की ब्रेक लाईट लागतच नाही म्हणा, आणि गंमत म्हणजे पुढचा डावा इंडिकेटर मिणमिणतो."

ब्रेक दाबल्यावर पुढचा इंडिकेटर? ऐकायला भुताटकी वाटते. पण विद्युतधारा कधीच भुताटकी करत नाही, तिला परतीची वाट हवी असते एवढंच. मागच्या दिव्यात पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर यांची अर्थ एकच होती. ती सुटल्यावर ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेली धारा अडकली. मग ती इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटी शिरली, इंडिकेटरच्या वायरीने पुढे गेली आणि पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून तिथल्या अर्थला पोहोचली. तीन फिलामेंट एकापाठोपाठ, एकसर जोडणीत. १२ व्होल्ट तिघांत वाटले गेले, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४ व्होल्ट. म्हणून कुणीच धड पेटेना.

हे सूत्र कायम लक्षात ठेवा : एक स्विच दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणला, तर आधी अर्थ तपासा.

दुरुस्ती किती मोठी? पॉलिश पेपरने चेसिसवरचा गंज आणि रंग घासून लोखंड चकचकीत केलं. थिंबल साफ केलं, नवीन बोल्ट वॉशरसह कसला, वरून ग्रीसचा हात फिरवला. मग खात्री करण्यासाठी ब्रेक दाबून मीटरचं एक टोक दिव्याच्या घराला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. आकडा शून्याच्या अगदी जवळ. म्हणजे परतीची वाट मोकळी. ब्रेक लाईट असा लागला की हौद्यामागे उभं राहून डोळे दिपले.

काम संपल्यावर

पहिल्या कप्लरचं जिवंत टोक आम्ही टेप आणि स्लीव्ह लावून बंद केलं. दुसऱ्याची उरलेली वायर काढून टाकली. सापडलेल्या प्रत्येक वायरीवर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं : "टेप – थेट बॅटरी", "डावा मागचा – अर्थ". तक्त्याची वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवली. पुढे ही गाडी कुणाच्याही हातात गेली तरी त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आधीच्या मालकाने एवढं केलं असतं तर आपली एक सकाळ वाचली असती.

त्या रात्री पहाटे तीनला त्याचा मेसेज आला. काही लिहिलेलं नव्हतं, फक्त फोटो होता : भरलेली गाडी मागून, दोन्ही लाल दिवे लागलेले. मित्रांनो, अंधाऱ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पुढची गाडी दिसते ती त्या दोन दिव्यांमुळेच. एक सुटलेलं थिंबल म्हणून हे काम छोटं वाटतं, पण त्याच्यावर कुणाचं तरी घरी सुखरूप पोहोचणं अवलंबून असतं.

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी आपला नियम १८२७ मध्ये मांडला. आपण तो परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितो. त्या सकाळी त्याच नियमाने आम्हाला सांगितलं की काय जोडायचं आणि काय नाही.

स्वाध्याय

१) ब्रेकचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॉटचे आहेत. १२ व्होल्टवर दोघे मिळून किती धारा घेतील? त्यांच्यासाठी ५ अँपिअरचा फ्यूज पुरेल का?

२) गिअरबॉक्सजवळच्या दोन पिनांच्या स्विचमध्ये रोध मोजला. न्यूट्रलला असताना मीटर अनंत दाखवतो आणि रिव्हर्सला शून्याजवळ. हा कोणता स्विच? तुमचं कारण दोन वाक्यांत लिहा.

३) मीटर १२ व्होल्ट दाखवतो पण टेस्ट लॅम्प पेटत नाही. काय झालं असेल? आकृती काढून समजवा.

४) बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी का काढतात? हे घरातल्या मोठ्यांना तुमच्या शब्दांत सांगा आणि त्यांना पटलं का ते विचारा.

उपक्रम : घरच्या किंवा ओळखीच्या गाडीचा फ्यूज बॉक्स मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, चावी बंद ठेवून बघा. कोणत्या खाचेत कोणत्या रंगाचा फ्यूज आहे याचा तक्ता करा आणि झाकणावरच्या तक्त्याशी ताडून बघा. कुठे तार किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर तो त्याच दिवशी बदलून घ्यायला सांगा.

उत्तरं वहीत लिहा. सुट्टी संपल्यावर वर्गात भेटू, तेव्हा टेस्ट लॅम्प प्रत्यक्ष बनवूया. येताना जुना इंडिकेटरचा होल्डर कुणाकडे असेल तर जरूर घेऊन या.